वाचकांचे प्रश्न : नेमाने लिहिण्याविषयी

प्रश्न : बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, आपल्या अनुभवांवर रोज एक छोटा लेख लिहून तो स्नेह्यांना फोनवर पाठवायचा, असा संकल्प मी पाडव्याला सोडला होता. आता एक दिवस चुकला की पुढचा आठवडाही कोरा जातो. शिवाय जे लिहून होते ते माझे मलाच सपक वाटते. काय करावे?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : याला आपण आळस म्हणत असाल, तर मला ते पटत नाही, संकल्पच न पेलणारा होता. घरी पाहुणे आहेत, कोणी आजारी आहे, लग्नसराई आहे, अशाही दिवसांत पाळता येईल एवढाच नेम एकट्या माणसाने धरावा, म्हणजे आठवड्यातून एक लेख, ठरलेल्या वारी आणि पाचशे शब्दांच्या आत. गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या नावाने ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८पासून जी पत्रे लिहिली, त्यांना आपण ‘शतपत्रे’ म्हणत असलो तरी ती १०८ आहेत, आणि ती सरकारी नोकरी सांभाळून, वयाच्या पंचविशीत सुरू झालेली आहेत. साप्ताहिकाचा वार आणि पत्राचा आटोपशीर आकार यांनी त्यांचा हात चालता ठेवला असावा, असे मला वाटते.

विषय मात्र लिहायच्या दिवशी शोधू नये. खिशात वही ठेवून सुचेल ते एका ओळीत टिपत गेले, की ठरलेल्या वारी निवडच करायची उरते. लिहिलेले दोन दिवस बाजूला ठेवून मग मोठ्याने वाचावे. पहिला परिच्छेद बहुधा काढून टाकण्याच्याच योग्यतेचा निघतो. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या वेळी दोन लेख पाठवू नयेत आणि दिलगिरीही लिहू नये, कारण वाचकाने वार मोजलेले नसतात.

सपकपणाचे कारण वेगळे आहे. सराफ्यातील पेढ्या बंद झाल्यावर तेथे रात्री खाण्याची दुकाने लागतात, भुट्ट्याचा कीस आणि हिवाळ्यात गराडू मिळतात, हे इंदुरात चार दिवस राहून गेलेला पाहुणाही लिहील. आपण बँकेत होतात. हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न २०२३च्या अखेरीपर्यंत रेंगाळला, ही बातमी सर्वांना ठाऊक आहे. पण त्या वर्षांत काउंटरच्या आत बसून कोणी काही पाहिले असेल, मुदतीआधी ठेव मोडायला आलेला माणूस अर्ज भरताना काय बोलला हे ऐकले असेल, तर ते त्याच्याखेरीज कोणाला लिहिता येणार? आपल्या शाखेत मिलची खाती नसतील, तर जी होती त्यांविषयी लिहावे. (खातेदाराचे नाव व रक्कम अर्थातच लिहू नये, निवृत्तीने ते बंधन सुटत नाही.) विषय एवढा अरुंद केला की विशेषणे आपोआप गळतात, कारण सांगण्यासारखे पुष्कळ असते.

प्रश्न : मीही आठवणी लिहिते. त्यांत सासरची मंडळी ओघाने येतातच. नावे बदलली तर चालेल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नावे बदलून फारसे साधणार नाही, कारण इंदूरच्या मराठी घरांतून नात्यागोत्याची माहिती इतकी पक्की असते, की ‘धाकट्या जाऊबाई’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना तो भाग आधी वाचून दाखवावा, व ते नको म्हणाले तर निमूटपणे गाळावा. दिवंगतांच्या बाबतीत त्यांच्या मुलांना विचारावे. लहान मुलांच्या फजितीचे किस्से तर टाळावेतच, मग ते कितीही गोड असोत. त्यांची संमती आज घेता येत नाही आणि मोठेपणी ते त्यांना बोचू शकतात. राहिला कडूपणाचा भाग, तर सासूबाई कशा होत्या याचा निवाडा न देता, त्या दिवशी स्वयंपाकघरात त्या काय म्हणाल्या आणि आपण काय उत्तर दिले, एवढेच लिहावे, आणि आपले उत्तर उद्धट असेल तर तेही जसेच्या तसे लिहावे.