पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावरचा एएलएस-पार्किन्सन्स-डिमेन्शिया (एएलएस म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरण्याचा आजार; पार्किन्सन्स-डिमेन्शिया म्हणजे कंपवातासोबत स्मृतिभ्रंश) कमी का झाला? जनुकीय होता का?

निव्वळ जनुकीय असता तर दोन पिढ्यांत इतका घसरला नसता. 1950च्या दशकात ग्वामच्या चामोरो लोकांत (बेटाचे मूळ रहिवासी) एएलएसचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या 50 ते 100 पट होतं. दक्षिणेकडचं उमाताक गाव सर्वाधिक बाधित. 1960नंतर एएलएस झपाट्याने उतरला. पार्किन्सन्स-डिमेन्शिया मागाहून आणि हळू उतरला, आजार सुरू होण्याचं वय वाढत गेलं. आता दिसतो तो मुख्यतः वृद्धांमधला डिमेन्शिया.

बेट सोडून गेलेल्या काही चामोरोंना अनेक वर्षांनी आजार झाला, आणि ग्वाममध्ये दीर्घकाळ राहिलेल्या काही फिलिपिनो स्थलांतरितांनाही. म्हणजे संपर्क आधी, लक्षणं दशकांनंतर. संशय सायकॅड या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या बियांच्या पिठावर आहे (स्थानिक नाव फदांग). बिया अनेक दिवस पाणी बदलत भिजवतात, त्यामुळे त्यातलं बीएमएए (चेतापेशींना घातक मानलं जाणारं अमिनो आम्ल) बरंचसं निघून जातं. म्हणूनच उरलेली मात्रा पुरेशी होती का, यावर वाद आहे. या बिया खाणाऱ्या वटवाघळांच्या मांसात बीएमएए साठतं आणि ते मांस खाणाऱ्यांत येतं, ही कल्पना आकर्षक असली तरी पुरावा तोकडा. माती-पाण्यात कॅल्शियम कमी हाही एक तर्क. एकच दोषी जनुक मात्र सापडलेलं नाही. रुग्णांच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी भरपूर आढळतात.

आकडे वाचताना जपून: लोकसंख्या छोटी, त्यामुळे दोन-चार रुग्णांनी वार्षिक दर उडतो. अनेक वर्षांची सरासरी आणि वयानुसार समायोजित दरच पाहा, नाहीतर वृद्धांची वाढलेली संख्या आजाराची वाढ वाटेल.