मनात सारख्या शंका येतात, मग मी स्रोतापन्न (निर्वाणाच्या वाटेवरची पहिली पायरी गाठलेला) कधी होणारच नाही का?

असं अजिबात नाही. स्रोतापन्न होताना तीन बंधनं तुटतात, सत्कायदृष्टी (देह-मनालाच 'मी' मानणं), विचिकित्सा (शंका) आणि शीलव्रतपरामर्श (नुसत्या व्रत-कर्मकांडानं मुक्ती मिळते असं धरून बसणं). म्हणजे शंका वाटेवर गळते, ती घेऊनच निघायचं असतं. आणि विचिकित्सा म्हणजे प्रश्न विचारणं नव्हे, पाऊलच उचलू न देणारी घालमेल. कोणाचं खरं मानावं म्हणून गोंधळलेल्या कालाम लोकांना बुद्धांनी सांगितलं होतं की तुम्हाला शंका येणं योग्यच आहे.

मी दीक्षाभूमीवर बोधिवृक्षाखाली संध्याकाळी बसतो. श्वास नाकपुडीला लागतो ना लागतो तोच 'यानं काय होणार?' हजर! आधी उठून घरी जायचो. आता 'शंका आली' एवढंच मनात म्हणतो आणि पुन्हा श्वासावर येतो. सतिपट्ठान सुत्तातही, म्हणजे सजगतेच्या साधनेवरच्या बुद्धांच्या प्रवचनात, नीवरणं (शंकेसारखे मनाचे अडथळे) अशीच ओळखायला सांगितली आहेत. आठवडाभर करून बघा.