जुनी १० गिअरची रोड बाइक शहरात रोज चालवण्यासाठी सिंगल-स्पीड (एकाच गिअरची) करायची आहे. पुढच्या-मागच्या चकत्यांना किती दात ठेवू?

पुढे ४२ आणि मागे १८ दात ठेवा. मी अशा दोन सायकली केल्यात. ७००सी चाकावर (रोड बाइकचं नेहमीचं माप) पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण ४.९ मीटर जाते, त्यामुळे सिग्नलवरून उठताना गुडघ्यांवर ताण येत नाही. रोज मोठा चढ असेल तर मागे २० घ्या. मागच्या चाकावरचा गिअरचा गुच्छ आट्यांवर बसणारा असेल तर त्याच आट्यांवर सिंगल फ्रीव्हील (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारी एकच दातेरी चकती) बसतं. फक्त मागून पाहिल्यावर चेन अगदी सरळ दिसली पाहिजे, नाहीतर ती उतरते. मात्र आधी फ्रेममधली मागच्या आसाची खाच बघा: आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते, उभी असेल तर सहसा चेन टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) लागतो. ब्रेक दोन्ही ठेवा.