पांढऱ्या पेशी कमी का होतात? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) रिपोर्टवरच्या एकाच ओळीबद्दल आहेत. पांढऱ्या पेशींचा आकडा कमी, बाजूला खाली दाखवणारा बाण, आणि पत्र लिहिणाऱ्याची झोप उडालेली. त्यातले पाच प्रश्न घेतो.

प्रश्न : नोकरीसाठी तपासणी केली, त्यात पांढऱ्या पेशी ३,४०० आल्या. आठ-दहा दिवसांपूर्वी ताप, अंगदुखी झाली होती, आता बरा आहे. इंटरनेटवर वाचलं तर सगळीकडे रक्ताचा कर्करोग. माझं वय ३१.

तुमच्या पत्रातच उत्तर आहे : आठ-दहा दिवसांपूर्वीचा ताप. पांढऱ्या पेशी कमी होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे नुकताच होऊन गेलेला विषाणूंचा आजार. फ्लू, डेंग्यू, कावीळ, कोविड, अगदी साधा ताप असला तरी अस्थिमज्जेतलं, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी बनवणाऱ्या मगजातलं, उत्पादन काही काळ मंदावतं. शिवाय रक्तात फिरणाऱ्या काही पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहतात किंवा संसर्गाच्या जागी निघून जातात. सुईने काढलेल्या रक्तात त्या मोजल्याच जात नाहीत. जिवाणूंच्या संसर्गात एरवी पेशी वाढतात, पण टायफॉइडमध्ये त्या कमी होऊ शकतात.

आता रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो, कारण नुसत्या एकूण आकड्यावरून फारसं कळत नाही. प्रौढांमध्ये एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल या जिवाणूंशी लढणाऱ्या पहिल्या फळीतल्या. एकूण आकड्याला न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागा. तुमच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल ५० टक्के आहेत, म्हणजे झाले १,७००. १,५०० च्या वर असल्यामुळे तुमची पहिली फळी शाबूत आहे. १,५०० ते १,००० म्हणजे सौम्य घट, १,००० ते ५०० मध्यम, आणि ५०० च्या खाली गेलं की खरा धोका.

मग त्याच कागदावरचे आणखी दोन आकडे बघा : हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी वाढतातच असं नाही, त्या कमीही होतात. मज्जेत बिघडलेल्या पेशींची गर्दी झाली की चांगल्या पेशींना जागा उरत नाही. पण ती गर्दी सहसा एकाच प्रकारच्या पेशींवर थांबत नाही. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही बहुधा घसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली अपरिपक्व पेशी दिसू शकतात. तुमचे दोन्ही आकडे उत्तम आहेत. दोन-तीन आठवड्यांनी सीबीसी पुन्हा करा आणि सोबत रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. मशीनने मोजलेल्या आकड्यावर अनुभवी डोळ्यांची नजर पडायलाच हवी. नळीत पेशींच्या गुठळ्या झाल्या तर मशीनही कमी मोजतं.

प्रश्न : पत्नीला थायरॉइड वाढल्यामुळे सहा आठवडे कार्बिमाझोल चालू आहे. परवा घसा दुखून ताप आला, तर डॉक्टरांनी गोळी बंद करून त्याच दिवशी रक्त तपासायला लावलं. घशासाठी एवढी धावपळ कशाला?

तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य केलं, आणि तुम्ही त्यांचं ऐकलंत म्हणून मला मनापासून बरं वाटलं. कार्बिमाझोल आणि त्याच कुळातल्या गोळ्यांनी हजारात मोजक्याच जणांच्या न्यूट्रोफिल जवळजवळ शून्यावर येतात. पण ज्याच्या येतात त्याच्या झपाट्याने येतात, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. मागच्या आठवड्याचा रिपोर्ट चांगला होता, म्हणून आज निर्धास्त राहता येत नाही. पहिली खूण हीच : ताप, घसादुखी, तोंडात फोड. अशा वेळी घशाची गोळी घेऊन दोन दिवस वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. वेळेत औषध थांबवलं तर एक-दोन आठवड्यांत पेशी बहुधा परत येतात. असं एकदा झालं की ते औषध त्या व्यक्तीला पुन्हा कधीही द्यायचं नाही. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

पेशी कमी करू शकणारी औषधं पुष्कळ आहेत. मानसिक आजारातलं क्लोझापिन (याच्यासोबत ठरावीक काळाने रक्त तपासणं गरजेचं असतं), सांधेदुखीसाठीची सल्फासलाझिन आणि मेथोट्रेक्सेट, फिटसाठीची कार्बामाझेपिन, को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक. अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध पचवणारी एन्झाइम काही जणांत जन्मतःच दुबळी असतात; त्यांना नेहमीचा डोसही जड जातो. आता ती आधीच तपासून घेता येतात. म्हणून रिपोर्ट दाखवायला जाताना चालू असलेली सगळी औषधं सोबत न्या, ‘साधीच आहे’ म्हणून वगळलेलीसुद्धा. मात्र कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. कार्बिमाझोल सुरू असताना ताप आला तर गोष्ट वेगळी : पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं.

प्रश्न : पांढऱ्या पेशी वाढवायला काय खावं?

शरीरात कशाची कमतरता असेल तरच आहाराने फरक पडतो. बी-१२ किंवा फोलेट कमी असेल तर मज्जेतल्या पेशींचं विभाजन अडखळतं. मग लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट अशा तिन्ही कमी होतात आणि लाल पेशींचा आकार वाढतो; रिपोर्टवर एमसीव्ही जास्त दिसतं. तांब्याच्या कमतरतेनेही न्यूट्रोफिल घटतात. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर हे होऊ शकतं, तसंच महिनोन्‌महिने झिंकच्या जास्त गोळ्या घेतल्याने, कारण जादा झिंक तांबं शोषू देत नाही. प्रतिकारशक्तीसाठी झिंक घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

प्रश्न : वडिलांना लिव्हर सिरोसिस आहे. पांढऱ्या पेशी २,६००, प्लेटलेट ७०,०००. मज्जेची तपासणी करावी लागेल का?

बहुधा नाही. इथे दोष मज्जेचा नसून पांथरीचा, म्हणजे प्लीहेचा असण्याची शक्यता मोठी आहे. यकृत निबर झालं की त्यातून जाणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, मागे दाब वाढतो आणि पांथरी सुजते. मोठी झालेली पांथरी पेशी स्वतःत अडकवून ठेवते. मज्जा पेशी बनवत असते, पण रक्तात त्या कमी दिसतात. सोनोग्राफीत पांथरीची लांबी लिहिलेली असते, ती बघा. दारूचा इतिहास असेल तर ती मज्जेलाही थेट दाबते, आणि दारू सोडल्यावर हा भाग सुधारतो. आकडे मागच्या रिपोर्टपेक्षा अचानक घसरले किंवा स्मिअरमध्ये काही खटकलं, तर मात्र मज्जेकडे बघावं लागेल. या आजारात ताप आला किंवा पोट दुखू लागलं तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : तीन वर्षांत चार रिपोर्ट, कायम ३,२०० ते ३,७००. मला काहीही त्रास नाही. वय २८, स्त्री.

काही निरोगी माणसांचा आकडा कायमच खाली असतो. आफ्रिका आणि मध्यपूर्वेत मूळ असलेल्या अनेकांमध्ये तो आनुवंशिक असतो. त्यांच्या लाल पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं आणि रक्तात न्यूट्रोफिल कमी दिसतात, तरी संसर्ग वाढत नाहीत. चार रिपोर्ट एका रेषेत असणं हीच मोठी दिलाशाची गोष्ट आहे. तरीही तुमच्या वयाच्या स्त्रीला मी काही गोष्टी विचारल्याशिवाय सोडणार नाही : सकाळी सांधे आखडतात का, उन्हाने चेहऱ्यावर पुरळ येतं का, तोंडात वारंवार फोड येतात का, केस फार गळतात का? ल्युपस हा शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार तरुण स्त्रियांत अधिक आढळतो, आणि पांढऱ्या पेशींची घट ही कधीकधी त्याची पहिली खूण असते. यातलं एकही उत्तर ‘हो’ असेल तर एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींवर उलटलेली प्रतिपिंडं शोधणारी) तपासणी करा. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या चाचण्या आयुष्यात एकदाही केल्या नसतील तर त्याही संकोच न बाळगता करून घ्या. सगळं ठीक निघालं तर वर्षातून एक सीबीसी पुरे, आणि जुने रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरांना नव्या आकड्यापेक्षा त्यांचाच जास्त उपयोग होईल.