रोज खूप संत्री, मोसंबी, लिंबू घेतल्याने काही अपाय होतो का?

तुम्ही लिहिलंय की घरची बाग आहे, अंबिया बहाराची फळं उतरतात त्या दिवसांत रोज आठ-दहा संत्री सहज पोटात जातात, सकाळी अनशेपोटी लिंबूपाणी चालू आहे, आणि आईंना अशक्तपणा वाटतो म्हणून त्यांना दोन वेळा ग्लासभर मोसंबीचा रस देता. ओघात हेही लिहिलंय की आईंना बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू आहे आणि मागच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) १.९ आलं होतं. प्रश्न तुम्ही स्वतःबद्दल विचारलाय. मला मात्र आधी आईंबद्दल बोलायचंय, कारण या सगळ्यात खरा धोका त्यांना आहे. मी डायलिसिस विभागात आहारतज्ज्ञ आहे आणि रसाचे हे ग्लास रोज बघते.

संत्र्या-मोसंबीत पोटॅशियम बऱ्यापैकी असतं. किडनी धडधाकट असेल तर जादाचं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, काही बिघडत नाही. किडनी मंदावली की ते रक्तात साठू लागतं. रिपोर्टमध्ये हा आकडा साधारण ३.५ ते ५ असावा लागतो. तो साडेसहाच्या पुढे गेला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, कधी कधी काहीही कळायच्या आत. संत्र्याच्या २५० मिलिलिटर रसात ४५० ते ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. डायलिसिसवरच्या पुष्कळ रुग्णांना आम्ही दिवसभराचं सगळं खाणंपिणं मिळून दोन-अडीच ग्रॅमच्या आत राहायला सांगतो. म्हणजे दोन ग्लास रसातच जवळजवळ निम्मा वाटा संपला. वरण, भाजी, बटाटा, दूध अजून बाकीच आहे.

पोटॅशियम वाढल्याचं पुष्कळदा काहीच लक्षण दिसत नाही, आणि दिसलं तर ते अशक्तपणाचं असतं. पाय जड होतात, उठवत नाही. घरच्यांना वाटतं अंगात ताकद नाही, मग ते रस वाढवतात. आमच्याकडे एका आजींना त्यांचा मुलगा असाच घेऊन आला होता. हातात थर्मास, त्यात घरी काढलेला, गाळून घेतलेला मोसंबीचा रस. ‘जिना चढवत नाही म्हणते, म्हणून दोनाचे तीन ग्लास केले मॅडम,’ असं त्याने मला सांगितलं. पोटॅशियम ६.९ होतं. ईसीजीच्या कागदावर एरवी गोलसर दिसणाऱ्या लाटा उंच आणि टोकदार झाल्या होत्या. त्यांना लगेच डायलिसिसच्या मशीनवर घेतलं आणि त्या बऱ्या झाल्या. त्या मुलाची माया खरी होती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आजारी माणसाला भेटायला जाताना मोसंबी न्यायची आपल्याकडे इतकी जुनी सवय आहे की रुग्णालयाच्या दारात मोसंबीवाला असतोच. त्यामुळे हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

तुमच्या आईंची वेळ डायलिसिसची नाही, घाबरू नका. पण १.९ क्रिएटिनिनकडे दुर्लक्ष करून चालणारही नाही. त्यात टेल्मिसार्टन. गोळी चांगली आहे, बीपी आवरते आणि अनेक रुग्णांत किडनीही जपते, पण ती शरीरातलं पोटॅशियम थोडं धरून ठेवते. स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. रस मात्र आजपासून थांबवा आणि याच आठवड्यात क्रिएटिनिनबरोबर पोटॅशियमचीही तपासणी करून डॉक्टरांना दाखवा. घरात बीपीसाठी म्हणून लो-सोडियम मीठ आणलं असेल तर त्याचं पाकीट वाचा. त्यात बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. नारळपाण्यातही पोटॅशियम भरपूर असतं. आईंना फळाची इच्छा झाली तर सफरचंदाच्या चार फोडी द्या. पोटॅशियम नीट आलं तर डॉक्टरांना विचारून एखादं छोटं संत्रंही चालेल, पण सोलून, चावून, रस नको. ग्लासभर रसाला तीन-चार फळं लागतात आणि तो दोन मिनिटांत संपतो. तीच फळं सोलून खायला बसलात तर दुसऱ्या फळालाच पोट भरतं. आणि त्यांना मधुमेह असेल, कधी साखर एकदम उतरली, तर अशा वेळी रस देण्याऐवजी ग्लुकोजची पूड किंवा साखरपाणी द्या.

औषधांचा विषय निघालाच आहे म्हणून ग्रेपफ्रूट या संत्र्याच्याच जातकुळीतल्या फळाबद्दल. कॅनडातल्या लंडन शहरात डेव्हिड बेली आणि सहकारी फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपावी म्हणून त्यांनी ती ग्रेपफ्रूटच्या रसात दिली, आणि रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेलं. कारण दारू नव्हती, रस होता. या फळातले फ्युरॅनोकुमारिन नावाचे घटक आतड्यातलं औषध मोडणारं एक एन्झाइम निकामी करतात आणि हा परिणाम दिवसभराहूनही जास्त टिकतो, म्हणून सकाळी फळ आणि रात्री गोळी असं अंतर ठेवून भागत नाही. कोलेस्टेरॉलसाठीच्या सिमव्हास्टॅटिन, अटोरव्हास्टॅटिन या गोळ्या आणि किडनी बदललेल्यांना दिली जाणारी सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस यांच्या बाबतीत हे महागात पडू शकतं. बेलींच्या १९९१ च्या चाचणीत नेहमीच्या संत्र्याच्या रसाने असा परिणाम केला नव्हता, तेव्हा तुमच्या नागपुरी संत्र्यावर हा आरोप नाही. पण आपल्याकडचं पपनस ग्रेपफ्रूटच्याच जवळचं, आणि त्यातही हे घटक असतात. कोकणात, गोव्यात ते आवडीने खाल्लं जातं. ज्यांना यांपैकी गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना आधी विचारावं. ॲलर्जीवरची फेक्सोफेनाडिन मात्र उलटी वागते: संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर ती नीट शोषलीच जात नाही. गोळी पाण्याबरोबरच घ्या, हे साधं वाक्य इथे शब्दशः पाळायचं.

आता तुमच्याकडे येते. लिंबूपाण्याने चरबी वितळते असं काही नसतं, पण घेतलंत म्हणून विषही नाही. मला प्रश्न आहे तो दातांचा. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो आणि दातांवरचं इनॅमल साधारण साडेपाचच्या खाली विरघळू लागतं. पाणी मिसळल्याने आंबटपणा कमी होतो, पण तेवढा नाही. एका बैठकीत पिऊन संपवलं तर लाळ पुढचं सांभाळून घेते. बाटलीत लिंबू पिळून ऑफिसात दिवसभर घोट घोट घेत राहणं सगळ्यात वाईट, कारण दातांना सावरायला वेळच मिळत नाही. संत्री खाल्ल्यावर दात आंबतात तो तात्पुरता प्रकार. पण गार पाण्यानेही कळ यायला लागली, पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसू लागल्या, तर दंतवैद्याकडे जा. लिंबूपाणी प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. त्या वेळी इनॅमल मऊ पडलेलं असतं आणि घासल्याने आणखी झिजतं. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं असा त्रास असेल तर अनशेपोटी घेऊच नका. जेवणात पोह्यांवर, वरणावर पिळलेलं लिंबू उत्तम, त्याने अन्नातलं लोहही चांगलं शोषलं जातं. (थॅलेसेमियासारख्या आजारात ज्यांच्या अंगात लोह साठतं त्यांचं पथ्य वेगळं असतं.)

आठ-दहा संत्री तुमच्या वयाच्या, कष्ट करणाऱ्या माणसाला हंगामापुरती फार बाधत नाहीत. पोट फुगणं, ढाळ लागणं, तोंड येणं इतपत होऊ शकतं, आणि झालं तर निम्म्यावर या. मधुमेह असता तर एका वेळी एक, फार तर दोन, असं सांगितलं असतं. हंगाम भरात असताना तळहात पिवळे दिसले तर आधी डोळे बघा. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर तो बहुधा फळातल्या कॅरोटिनचा रंग, खाणं कमी केलं की काही आठवड्यांत उतरतो. डोळे पिवळे असतील तर ती कावीळ, तिथे थांबायचं नाही.

व्हिटॅमिन सी जास्त होईल ही भीती फळांच्या बाबतीत सोडून द्या. भारतीय शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम लागतं, अपायाची मर्यादा मोठ्यांसाठी २००० मिलिग्रॅम धरतात, आणि तिथवर पोचायला तीस-चाळीस संत्री लागतील. गोळ्यांनी मात्र सहज पोचता येतं. कोरोनात चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या घरोघरी आल्या आणि काही घरांत त्या अजून चालूच आहेत. त्यातलं जादाचं व्हिटॅमिन सी शरीरात काही प्रमाणात ऑक्झलेट (ज्याचे मुतखडे बनतात तो घटक) होतं. स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत (२०१३) या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळलं. लिंबाने मुतखडा होतो हा समज मात्र चुकीचा आहे. लिंबातलं सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणून किडनीचं काम चांगलं असलेल्या मुतखड्याच्या रुग्णांना आम्हीच लिंबूपाणी सांगतो, साखर न घालता.

आईंचा रिपोर्ट आला की पोटॅशियमचा आकडा आणि त्यांच्या चालू गोळ्यांची नावं इथेच खाली लिहा. काय खायचं, काय टाळायचं ते मी त्यावरून नीट लिहून देईन.