छोट्या फलाटावरून : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळच्या पत्रांत फोटोंविषयीच्या तक्रारी सर्वांत जास्त आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते. मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे फळीवरची छोटी रेल्वे, बांधायला लागण्याआधी बरीच वर्षं मी घड्याळांच्या कॅटलॉगसाठी फोटो काढायचे. बारीक वस्तू कॅमेऱ्यासमोर कशा वागतात ते त्या टेबलावर शिकले, आणि रुळांच्या कामात तेच आजवर पुरलं आहे.

प्रश्न : चार वर्षं खपून एचओ प्रमाणातला लेआउट उभा केला. घरी येणारे तासन्‌तास बघत बसतात. पण फोटो काढला की सगळं खेळणं दिसतं. कॅमेरा चांगला आहे, मग चुकतंय कुठे?

तुम्ही पाठवलेले अकरा फोटो नीट पाहिले. अकराही फोटो उभं राहून, वरून खाली बघत काढले आहेत. खरी गाडी आपण अशी कधी बघतो? पुलावरून, टेकडीवरून. एरवी आपण फलाटावर उभे असतो आणि डबे आपल्यापेक्षा उंच असतात. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान. माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर असतात, त्याला ८७ ने भागा : १८ मिलिमीटर. तुमची लेन्स फलाटापासून एवढ्याच उंचीवर हवी. एन प्रमाणात, म्हणजे १:१६० मध्ये, ही उंची फक्त १० मिलिमीटर भरते.

मोठा कॅमेरा इतका खाली जातच नाही. म्हणून आधी मोबाइल वापरून बघा, आणि तो उलटा धरा. बहुतेक फोनांत लेन्स वरच्या कोपऱ्यात असते. फोन उलटा केला की ती रुळांना जवळजवळ टेकते. एवढ्या एका बदलाने तुमच्या स्टेशनाची इमारत इमारतीएवढी दिसायला लागेल.

दुसरी गोष्ट फोकसची. तुमच्या फोटोत इंजिनाचं नाक स्पष्ट आहे आणि तिसऱ्या डब्यापासून सगळं विरघळलंय. खऱ्या गाडीचा फोटो वीस-तीस मीटरवरून काढला तर पूर्ण गाडी स्पष्ट येते. त्यामुळे मागचं धूसर दिसलं की डोळा लगेच ओळखतो, वस्तू लहान आहे आणि कॅमेरा जवळ आहे. लेन्सचं छिद्र लहान केल्याने स्पष्टतेची खोली वाढते, पण एफ/२२ च्या आसपास गेलात (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) की विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, सगळं चित्रच मऊ पडतं. मी एफ/८ किंवा एफ/११ वर थांबते आणि फोकस स्टॅकिंग करते. कॅमेरा तिवईवर घट्ट, एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही हाताने ठरवलेले, दोन सेकंदांचा टायमर. पहिला फोटो सर्वांत जवळच्या खडीवर फोकस करून, मग प्रत्येक फोटोला फोकस थोडा थोडा मागे, शेवटचा पार्श्वपटावर. असे दहा ते वीस फोटो होतात. हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकर यांसारखं सॉफ्टवेअर त्यांतला स्पष्ट भाग निवडून एकच फोटो बनवतं. मधे काहीही हलता कामा नये, म्हणून खोलीतला पंखा बंद करा. स्टॅटिक ग्रासचं, म्हणजे उभ्या चिकटवलेल्या कृत्रिम तंतूंचं, गवत वाऱ्याने हलतं आणि जोडलेल्या फोटोत त्याच्या दुहेरी कडा उमटतात. सेन्सर लहान असल्यामुळे मोबाइलला मागचं धूसर होण्याची अडचण मुळातच कमी येते.

तिसरं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे उजेड. तुमच्या सिग्नलच्या खांबाला तीन सावल्या आहेत. आकाशात सूर्य एकच असतो! छताचे सगळे दिवे बंद करा आणि एकच दिवा लावा. तो लहान आकाराचा, झाकण नसलेला आणि शक्य तितका लांब हवा. दिवा गाडीपासून अर्ध्या मीटरवर असेल आणि मागची टेकडी दिव्यापासून एक मीटरवर, तर टेकडीवर गाडीच्या फक्त चौथा हिस्सा उजेड पडतो. उन्हात असं कधी होत नाही. दिवा अडीच-तीन मीटर मागे नेलात की हा फरक बराच मिटतो. सावलीतला भाग फारच काळा पडला तर समोरच्या बाजूने पांढरा कागद धरा, दुसरा दिवा नको. एलईडी घ्याल तेव्हा रंगदर्शक निर्देशांक (सीआरआय, दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा घ्या, नाहीतर गवताचा हिरवा आणि गंजाचा तांबूस दोन्ही मेल्यासारखे दिसतात. व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यावर सोडू नका. त्या दिव्याच्या उजेडात पांढरा कागद दाखवून तो एकदा पक्का करा.

एवढं केल्यावर एक त्रास मात्र होईल. पूर्वी न दिसलेली धूळ, इमारतीच्या पायाखालची फट, डब्यावरचा बोटाचा ठसा, सगळं समोर येईल. मला हे आवडतं. मी दर महिन्याला एक कोपरा याच उंचीवरून टिपते आणि फोटोत जे खटकतं त्यावर पुढचा महिना काम करते.

प्रश्न : माझ्याकडे ३ मीटर बाय २.५ मीटरची खोली आहे. एचओ घेऊ की एन? मला सहा डब्यांची लांब पल्ल्याची गाडी चालवायची आहे.

उत्तर तुमच्या दुसऱ्या वाक्यातच आहे. २० मीटरचा डबा एचओत २३ सेंटिमीटर होतो, एनमध्ये १२.५. सहा डबे आणि इंजिन धरलं तर एचओची गाडी सुमारे १.६ मीटर लांब, म्हणजे तुमच्या भिंतीच्या निम्म्याहून जास्त. ती एका टोकाला वळणातून बाहेर पडेपर्यंत दुसऱ्या टोकाच्या वळणात शिरलेली असेल. एनमध्ये हीच गाडी नव्वद सेंटिमीटरच्या आत बसते.

वळणांचंही बघा. ४५७ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर एचओची छोटी इंजिनं आणि मालडबे नीट धावतात, पण लांब प्रवासी डब्यांची टोकं रुळांबाहेर लोंबतात आणि बफर एकमेकांपासून फाकतात. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट ठेवावी असा मी नियम पाळते. एचओला ती ६९ सेंटिमीटर होते, एनला ३८. आणि खऱ्या रेल्वेचं ३०० मीटर त्रिज्येचं वळण एचओत साडेतीन मीटरचं होईल, म्हणजे खोलीत आपण सगळेच तडजोड करतो.

तुम्ही एन घ्या. ज्यांना एका छोट्या यार्डात चार मालडबे आणि एक शंटिंग इंजिन यांच्यातच रस आहे त्यांना मी याच खोलीत आनंदाने एचओ घ्यायला सांगेन. कुठलंही घ्या, फळी ७५ सेंटिमीटरपेक्षा खोल करू नका. पलीकडे घसरलेला डबा हाताला लागला पाहिजे.

प्रश्न : माझं छोटं सहाचाकी इंजिन दोन ठिकाणी हमखास थांबतं, एका सांध्यावर आणि लांबच्या वळणावर. बोटाने ढकललं की पुढे जातं.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. सांधा म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. सांध्यावर दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या क्रॉसिंगच्या नाकाचा तुकडा काही सांध्यांत प्लास्टिकचा असतो. त्यावर वीज नसते. लांब इंजिनाची बाकीची चाकं वीज घेत राहतात, पण तुमचं आखूड इंजिन नेमकं त्या निर्जीव जागेवर उभं राहतं. धातूच्या नाकाचा सांधा बसवा आणि सांधा फिरेल तशी नाकाची ध्रुवता बदलणारा स्विच त्याला जोडा. डीसीसी (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळी डिजिटल आज्ञा देणारी पद्धत) वापरत असाल तर इंजिनातल्या डिकोडरला कपॅसिटरचा साठा जोडता येतो, तो असे क्षणभराचे खंड भरून काढतो.

वळणावरचं दुखणं बहुधा जोडपट्टीचं आहे. रुळांच्या टोकांना आपण ज्या छोट्या धातूच्या पट्ट्या सरकवतो त्या रूळ जोडायला उत्तम, पण वीज वाहायला भरवशाच्या नाहीत. त्या सैल होतात आणि आतून काळ्या पडतात. इंजिन थांबलेलं असताना जवळच्या जोडावर लाकडी काडीने दाब द्या. ते चाललं तर चोर सापडला. फळीखालून दोन जाड तारा सबंध लेआउटभर फिरवा आणि दर मीटरला एक बारीक तार वर आणून रुळाला सोल्डर करा. हे काम पाठीला रग लावणारं आहे, पण माझ्या आताच्या लेआउटवर ते केल्यापासून अकरा वर्षांत वळणावर एकही इंजिन थांबलेलं नाही.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. सँडपेपर कधीही नको, त्याच्या ओरखड्यांत घाण घट्ट बसते.

प्रश्न : मी चौदा वर्षांची आहे. गाडीचा व्हिडिओ काढला की ती पळत सुटल्यासारखी वाटते. वेग किती ठेवायचा?

वेगही लहान करायचा, हे तुझ्या बरोबर लक्षात आलंय. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. त्याला ८७ ने भाग, १९ सेंटिमीटर येतील. रुळाशेजारी एक मीटरवर दोन खुणा कर आणि घड्याळ लाव. एचओत ते अंतर कापायला ५.२ सेकंद लागले पाहिजेत, एनमध्ये ९.६. पहिल्यांदा हा वेग फार मंद वाटेल. तरी डोळे फलाटाच्या उंचीला आणून बघ. आणि स्टेशनात शिरताना याच्याही निम्मा.

प्रश्न : खडी पसरून वर पांढऱ्या गोंदाचं पाणी घातलं की तिचे गोळे होतात, थेंब तरंगत राहतात.

पाण्याचा पृष्ठताण तुम्हाला आडवा येतोय. कोरडी खडी थेंबाला आत घेत नाही, अंगावर लोळवते. म्हणून गोंदाआधी तिला भिजवा. बारीक फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब घ्या. फवारा सरळ खडीवर मारू नका, वर हवेत मारा म्हणजे धुकं खाली उतरेल. खडी ओली, गडद दिसायला लागली की एक भाग गोंद आणि तीन भाग पाणी, त्यातही साबणाचा एक थेंब, हे ड्रॉपरने स्लीपरांच्या मधे सोडा. तो लगेच आत शोषला जाईल. रात्रभर हात लावू नका.

त्याआधीचं काम जास्त वेळ खातं आणि खावं. कोरडी खडी मऊ कुंचल्याने स्लीपरांवरून झाडून घ्या, रुळाच्या आतल्या बाजूला एक दाणासुद्धा चिकटलेला नको, चाकाची कड त्यावर चढते. सांध्याच्या हलत्या पात्यांपाशी गोंद अजिबात जाऊ देऊ नका. मी तिथे खडी जवळजवळ टाकतच नाही, खालचा भाग फक्त रंगवते.

दाणा केवढा? खरा दगड ५० मिलिमीटरचा धरला तर एचओत तो अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर जातो, एनमध्ये ०.३. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यातले दाणे दीड-दोन मिलिमीटरचे आहेत. फोटोत ते माणसाच्या डोक्याएवढे धोंडे दिसतील. चाळून घ्या.

प्रश्न : मागे आकाशाचं छापील चित्र लावलं, पण झाडांच्या सावल्या आकाशावर पडतात.

पार्श्वपट आणि शेवटचं झाड यांत जमेल तेवढं अंतर ठेवा, मी २० सेंटिमीटर तरी ठेवते, आणि दिवा जरा वर चढवा म्हणजे सावली खाली जमिनीवर उतरेल. चकचकीत कागद काढून मॅट लावा, कोपरे गोल वळवा. ढगांचं छापील चित्र मला पटत नाही, कारण त्यातला सूर्य एका बाजूला असतो आणि तुमचा दिवा दुसऱ्या. साधा फिका निळा रंग द्या, क्षितिजाकडे पांढुरका होत गेलेला. मागची झाडं पुढच्यांपेक्षा लहान आणि थोडी निळसर करा. एचओच्या लेआउटवर मागच्या टेकडीपाशी एन प्रमाणातलं एखादं घर ठेवून पाहा, टेकडी आहे त्याच्या दुप्पट दूर वाटते.

प्रश्न : घर बदलतोय. नव्या घरात एवढी जागा नाही, सतरा वर्षांचा लेआउट मोडावा लागणार. मोडण्याआधी फोटो काढायचे आहेत. काय काय टिपू?

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ दुसऱ्या पत्राला हात लावू शकले नाही. माझा पहिला लेआउट मी मोडला तेव्हा घाईत होते. त्याचे तीन फोटो उरलेत. तिन्हींत माणसं कॅमेऱ्याकडे बघून उभी आहेत आणि त्यांच्या खांद्यामागे यार्डाचा एक तुकडा दिसतो. ज्या लाकडी पुलावर मी एक अख्खा पावसाळा घालवला तो कशातच नाही.

कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला राहणारे जॉन ॲलन व्यवसायाने छायाचित्रकार होते. त्यांचा 'गोरी अँड डिफीटेड' (Gorre & Daphetid) हा लेआउट या छंदातल्या लोकांना आजही पाठ आहे. १९७३ च्या जानेवारीत ते गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच तो लेआउट आगीत नष्ट झाला. आज आपण तो ओळखतो तो मुख्यतः त्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंतून.

तर वेळ काढा, दोन सुट्ट्या तरी. पहिल्या दिवशी वरची उंची : खुर्चीवर चढून प्रत्येक फळीचा सरळ खाली बघणारा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. हे सुंदर दिसणार नाहीत, पण पुढे नकाशा काढायला हेच लागतील. दुसऱ्या दिवशी फलाटाची उंची, एकच दिवा, सावकाश स्टॅकिंग. गाडी ज्या क्रमाने धावते त्या क्रमाने जा, म्हणजे फोटो ओळीने लावले की प्रवास होईल. बोगद्यात मोबाइल ठेवून बाहेरच्या उजेडाकडे बघणारा एक फोटो घ्या. तुम्ही नेहमी जिथे बसून कंट्रोलर फिरवता तिथून, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून एक घ्या. आणि एक व्हिडिओ, संपूर्ण फेरीचा, मागे काहीही न बोलता, रुळांचा आवाज येऊ देत.

फळी उलटी करून खालच्या वायरिंगचेही फोटो काढा, आणि तारा कापण्याआधी प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवा. खडीवर कोमट पाणी ओतून तासभर थांबलात तर पांढरा गोंद मऊ पडतो आणि सांधे न वाकता निघतात. त्यांच्या खालच्या मोटरी आधी सोडवून घ्या, पाणी त्यांच्यावर जाऊ देऊ नका.