आईचं मनगट मोडलंय, हाडं ठिसूळ आहेत. साध्या प्लेटऐवजी महागडी लॉकिंग प्लेट घ्यावी का?

हो, ऑपरेशन ठरलंच असेल तर ठिसूळ हाडासाठी लॉकिंग प्लेटच घ्या. साध्या प्लेटमध्ये स्क्रू प्लेटला हाडावर दाबून धरतो, म्हणजे सगळी मदार हाडातल्या पकडीवर. हाड भुसभुशीत असलं की स्क्रू सैल होतो आणि नीट बसवलेले तुकडे सरकतात. लॉकिंग स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात. ते प्लेटच्या आटेदार भोकात घट्ट बसतात, प्लेट-स्क्रूचा मिळून एकच सांगाडा होतो आणि एखादाच स्क्रू सहजी उपसून येत नाही. शिवाय प्लेट हाडावर आवळावी लागत नाही, त्यामुळे वरच्या आवरणाचा रक्तपुरवठा बराच वाचतो. मात्र तरुण माणसाच्या मजबूत हाडाचे मधोमध सरळ दोन तुकडे झाले असतील, तर नेहमीची कॉम्प्रेशन प्लेट (तुकडे एकमेकांवर दाबून धरणारी साधी प्लेट) बहुधा पुरते. लॉकिंगने हाड लवकर जुळतं असं नाही.